गिटारचा नेक बॉडीला कसा जोडलाय ते आधी बघा, मग टोनचं आणि दुरुस्तीचं बोलू

दुकानात इलेक्ट्रिक गिटार बघायला गेलं की कोणीतरी हमखास म्हणतं, "हा सेट नेक आहे, सस्टेन ऐका जरा" (सस्टेन म्हणजे स्वर किती वेळ टिकतो ते), आणि आपण मान डोलावतो, कारण काहीच वेगळं ऐकू आलं नाही असं म्हणायची लाज वाटते. ऑनलाइन तर बोल्ट-ऑन (स्क्रूंनी लावलेला नेक) विरुद्ध सेट नेक (चिकटवलेला) हे भांडण कधी संपतच नाही. माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुम्हाला ठरवता येईल: जॉइंटच्या प्रकाराने टोनमध्ये पडणारा फरक फार थोडा असतो, तो जॉइंट किती घट्ट आणि नीट बसवलाय याने जास्त पडतो, आणि खरा मोठा फरक पडतो तो पाच-दहा वर्षांनी गिटार बिघडल्यावर. तेव्हा कळतं की काम स्क्रू ड्रायव्हरने घरी होणार आहे, की वाफ देऊन नेक सोडवावा लागणार आहे, की काहीच होणार नाहीये.

हे सगळं नवीन लोकांसाठी आहे. ज्यांना डव्हटेल रीसेट (पाचरीसारखा चिकटवलेला नेक सोडवून, कोन सुधारून परत बसवणं) स्वतः करता येतो त्यांना यात नवीन काही मिळणार नाही.

पायरी १: तुमच्याकडे कुठला जॉइंट आहे ते ओळखा

इलेक्ट्रिकमध्ये सोपं आहे. गिटार उलटी करा. नेक जिथे बॉडीला भेटतो तिथे धातूची चौकोनी प्लेट आणि चार स्क्रू दिसले, किंवा प्लेट नसून चार वेगवेगळ्या वॉशरमध्ये बसलेले स्क्रू दिसले, तर बोल्ट-ऑन. स्क्रू नाहीत आणि नेकचं लाकूड एका जाड टाचेसारखं बॉडीत घुसलेलं दिसतंय तर सेट नेक, म्हणजे चिकटवलेला. आणि नेकचंच लाकूड मधल्या पट्ट्यासारखं थेट बॉडीच्या शेपटापर्यंत गेलेलं दिसतंय, दोन्ही बाजूंना बॉडीचे पंख चिकटवलेत, तर नेक-थ्रू. रंग जाड असेल तर नेक-थ्रू आणि सेट नेक यात गल्लत होऊ शकते, तेव्हा मॉडेलचं नाव टाकून स्पेसिफिकेशन बघून घ्या.

थोडा इतिहास, कारण त्यातूनच हे प्रकार का झाले ते कळतं. लिओ फेंडरने १९५० मध्ये एस्क्वायर आणि ब्रॉडकास्टर काढल्या तेव्हा नेक चार स्क्रूंनी लावला होता, कारण त्याला गिटार कारखान्यात भराभर बनवायची होती आणि नेक खराब झाला तर तो काढून दुसरा लावता आला पाहिजे होता. टोनचा विचार त्यात फारसा नव्हता. गिब्सन ही जुन्या पद्धतीने कमानदार गिटारी बनवणारी कंपनी, त्यामुळे १९५२ च्या लेस पॉलमध्ये त्यांनी नेक चिकटवलाच, तेच त्यांच्या कारागिरांना येत होतं. नेक-थ्रू रिकनबॅकरने १९५७ च्या ४००० बासमध्ये आणला आणि गिब्सनने १९६३ च्या फायरबर्डमध्ये.

अकूस्टिकमध्ये बाहेरून बघून काही कळत नाही, हीलची (नेकच्या टाचेची) टोपी सगळ्यांची सारखीच दिसते. मोबाईलचा टॉर्च लावून सेल्फी कॅमेरा साउंडहोलमधून (बॉडीवरच्या गोल भोकातून) आत नेकच्या बाजूला वळवा आणि फोटो काढा (तारा सैल करून घ्या नाहीतर हात अडकतो). नेक ब्लॉकवर (नेक धरणाऱ्या आतल्या लाकडी ठोकळ्यावर) अॅलन-कीचे बोल्ट किंवा नट दिसले तर बोल्ट लावलेला नेक आहे. कधीकधी ते लेबलखाली किंवा लाकडी झाकणाखाली लपवलेले असतात. काहीच नसेल आणि ब्लॉक सपाट असेल तर बहुतेक करून डव्हटेल, म्हणजे नेकचं टोक उलट्या पाचरीसारखं कापून ब्लॉकच्या खाचेत वरून खाली सरकवलेलं आणि चिकटवलेलं. मार्टिन आणि गिब्सनच्या पारंपरिक अकूस्टिक अशाच असतात. टेलरने १९९९ मध्ये एनटी नेक आणला, त्यात नेक आणि फ्रेटबोर्डचं पुढचं टोक दोन्ही बॉडीतल्या खाचेत बसतं, आतून बोल्ट लागतात आणि मोजून कापलेल्या बारीक शिम (फटीत घालायच्या पातळ पट्ट्या) बदलून कोन ठरवता येतो. क्लासिकल गिटारचं गणित तिसरंच: बऱ्याचदा स्पॅनिश हील असते, त्यात नेक आणि आतला ब्लॉक एकाच लाकडाचा आणि बॉडीच्या बाजूच्या पट्ट्या त्या लाकडातल्या चिरांमध्ये बसवलेल्या. म्हणजे गिटार नेकभोवती बांधलेली असते, नेक नंतर लावलेला नसतो.

पायरी २: दोष नेकच्या कोनाचा आहे की दुसराच, ते मोजा

ही पायरी बहुतेक लोक गाळतात आणि सरळ ट्रस रॉड (नेकच्या आतली धातूची सळई) पिळायला लागतात. ट्रस रॉड नेकचा बाक कमी-जास्त करतो, नेक बॉडीला कुठल्या कोनात बसलाय ते तो बदलू शकत नाही. तारा उंच आहेत म्हणून रॉड घट्ट करत गेलात तर नेक मागे वाकेल, पहिल्या पाच फ्रेटवर बझ (तार फ्रेटला लागून होणारी खरखर) येईल आणि बाराव्याच्या पुढे तारा अजूनही उंचच राहतील.

आधी ट्यून करा. मग पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा), आणि जाड ई तार जिथे नेक बॉडीला भेटतो तिथल्या फ्रेटवर दाबा. सातव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यामध्ये ०.१ ते ०.२५ मिमी फट हवी. फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) नसेल तर साधं व्हिजिटिंग कार्ड साधारण ०.३ मिमी जाड असतं, ते सरकवताना तार हलायला लागली की समजायचं फट ठीक आहे, आणि कार्ड आत पडून लोळायला लागलं की बाक जास्त आहे. हे आधी रॉडने ठीक करा, पाव फेऱ्याच्या वर एका वेळी नको.

मग कॅपो काढून बाराव्या फ्रेटवर जाड ईची उंची मोजा. इलेक्ट्रिकला १.६ मिमीच्या आसपास, स्टीलच्या तारांच्या अकूस्टिकला २.४ मिमीच्या आसपास म्हणजे बरी. आता सॅडल (ब्रिजवर तारा जिथे टेकतात तो भाग) बघा. इलेक्ट्रिकमध्ये सॅडल तळाला टेकलेत आणि तरी तारा उंच? नेकचा कोन कमी आहे, नेक थोडा मागे झुकवायला हवा. उलट सॅडल पूर्ण वर आलेत आणि तरी तारा फ्रेटला लागतायत? नेक जास्त मागे झुकलाय.

अकूस्टिकसाठी एक साधी स्टीलची पट्टी लागते, हार्डवेअरच्या दुकानात दोन फुटी मिळते. तारा सैल न करता डी आणि जी तारांच्या मधून ती फ्रेटवर उभी ठेवा आणि ब्रिजपर्यंत सरकवा. पट्टीचं टोक ब्रिजच्या लाकडाच्या वरच्या कडेवर नेमकं टेकलं किंवा किंचित वरून गेलं तर नेकचा कोन उत्तम. टोक ब्रिजच्या पुढच्या भिंतीला आपटलं आणि वरच्या कडेपासून ते दीड-दोन मिमी खाली असेल, वर सॅडलही घासून घासून जेमतेम दिसतंय, तर आज ना उद्या रीसेट आहे. हे होतं कारण १२-५३ चा (सर्वात बारीक आणि सर्वात जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) सेट लावला की नेकवर ७० किलोच्या वर ओढ असते, इलेक्ट्रिकच्या १०-४६ ला सुमारे ४६ किलो, आणि ही ओढ वर्षानुवर्षं चालू राहिली की साउंडहोलच्या आसपासचा भाग हळूहळू दबतो, ब्रिजमागची टॉप (बॉडीची वरची फळी) फुगते, आणि नेक पुढे येतो. चांगल्या गिटारचंही होतं. तो दोष नाही, वय आहे.

कोकणात, मुंबईत, गोव्यात राहणाऱ्यांनी हे माप पावसाळ्यात घेऊन निर्णय घेऊ नका. जुलै-ऑगस्टच्या ओलीत टॉप फुगते, ब्रिज वर उचलला जातो, तारा उंच होतात आणि गिटार खराब झाली असं वाटतं. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की परत मोजा. केसमध्ये ४५ ते ५५ टक्के आर्द्रता धरून ठेवता आली तर उत्तमच, पण निदान मापाची तारीख लिहून ठेवा, दोन मापं वेगवेगळ्या ऋतूंची असली की खरं काय ते कळतं.

पायरी ३: टोनच्या भानगडीचं एकदा नीट

लोक म्हणतात बोल्ट-ऑन म्हणजे टणक, झटक्याचा आवाज, सेट नेक म्हणजे जाड, ऊबदार, नेक-थ्रू म्हणजे न संपणारा सस्टेन. हे ठरवताना त्यांच्या डोळ्यासमोर कोण असतं? बोल्ट-ऑन म्हणजे स्ट्रॅटोकास्टर, सेट नेक म्हणजे लेस पॉल. या दोन गिटारींमध्ये स्केल म्हणजे तारेची वाजणारी लांबी वेगळी (एकीची साधारण ६४८ मिमी, दुसरीची ६२८ च्या आसपास), पिकअप वेगळे, लाकूड वेगळं, ब्रिज वेगळा, एकीत हलणारं ट्रेमोलो तर दुसरीत पक्का ब्रिज. एवढं सगळं बदलून मग सगळं श्रेय जॉइंटला द्यायचं हे काही बरोबर नाही.

आर. एम. मोटोला या अमेरिकन लुथियरने (गिटार बनवणाऱ्या कारागिराने) हे नीट करून बघितलं, एकच वाद्य घेऊन त्याचा जॉइंट बदलत गेला, म्हणजे बाकी सगळं तेच. मापात बोल्ट-ऑनचा सस्टेन सर्वात जास्त निघाला, जो लोकसमजाच्या अगदी उलट आहे, आणि ऐकणाऱ्यांना फरक ओळखता आला नाही. एकाच वाद्यावरचा प्रयोग आहे, त्यावरून जगाचा कायदा नाही बनवायचा, पण "नेक-थ्रू आहे म्हणून सस्टेन जास्त" असं सांगून जास्त पैसे मागणाऱ्याला प्रश्न विचारायला एवढं पुरे.

नेकचं आवाजात योगदान नसतंच असं मात्र नाही. म्युनिकच्या हेल्मुट फ्लायशर यांनी १९९० च्या दशकात इलेक्ट्रिक गिटारींच्या डेड स्पॉटवर मोजमापं केली, म्हणजे ज्या फ्रेटवर एखादा स्वर लवकर मरतो ती जागा, आणि त्याचं कारण नेकचं स्वतःचं कंपन हेच निघालं: त्या स्वराच्या वारंवारतेला नेक सहज हलतो आणि तारेची शक्ती पिऊन टाकतो. फेंडर धाटणीच्या बासवर जी तारेच्या पाचव्या ते सातव्या फ्रेटवर हे फार लोकांनी अनुभवलंय. हेडस्टॉकला (नेकच्या खुंट्यांच्या टोकाला) थोडं वजन लावलं की तो स्पॉट दुसरीकडे सरकतो. म्हणजे नेकचा कडकपणा आणि वजन यांचा हिशोब असतो, आणि जॉइंट त्यात एक भाग, तोही मोठा नाही.

जिथे जॉइंट खरंच ऐकू येतो ते म्हणजे तो ढिला असताना. स्वतः करून बघा: गिटार अँपला न लावता वाजवा, बॉडीच्या वरच्या शिंगाला कान किंवा हनुवटी टेकवा, एक स्वर लावून मोबाईलवर रेकॉर्ड करा, मग स्क्रू नीट कसून परत तोच स्वर त्याच जोराने. स्क्रू आधीपासून घट्ट असतील तर काहीच फरक येणार नाही, आणि ढिले असतील तर आवाज भरल्यासारखा वाटेल. माझ्या कानाला तरी घट्ट बसलेल्या बोल्ट-ऑन आणि सेट नेकमधला फरक तारांच्या नव्या-जुन्या सेटमधल्या फरकापेक्षा कमी वाटतो.

हो, एक गोष्ट खरी वेगळी आहे, ती म्हणजे हात. बोल्ट-ऑनची चौकोनी टाच अठराव्या फ्रेटच्या पुढे तळहाताला आडवी येते, नेक-थ्रूमध्ये तिथे काहीच नसतं, सेट नेकमध्ये बनवणाऱ्यावर अवलंबून. वरच्या फ्रेटवर सोलो वाजवणाऱ्यांनी टोनसाठी नाही, तर यासाठी जॉइंट निवडावा. कंपन्यांनी बोल्ट-ऑनची टाचही आता गोल करायला सुरुवात केलीये, तेव्हा वाजवून बघा.

पायरी ४: बोल्ट-ऑन, घरी करायचं काम

हे तुम्ही करू शकता. आधी नेक प्लेटवर चार स्क्रूंव्यतिरिक्त एक छोटं भोक आहे का बघा. फेंडरने १९७१ च्या शेवटी स्ट्रॅटवर तीन स्क्रूंचा नेक आणला, त्यात अॅलन-कीने कोन बदलायची सोय होती, आणि नंतरच्या काही चार-स्क्रूंच्या मॉडेलमध्येही ती सोय दिलेली आहे. असेल तर शिमची गरज नाही. आपल्याकडच्या स्वस्त आणि मधल्या किमतीच्या गिटारीत सहसा नसते.

तारा पूर्ण सैल करा. ताणलेल्या तारांसकट स्क्रू काढले तर नेक उसळतो आणि पॉकेटच्या (बॉडीतल्या नेक बसायच्या खाचेच्या) कडेचा रंग उडवून जातो. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावून ठेवला तर तारा नटमधून (हेडस्टॉकजवळच्या खाचांच्या पट्टीतून) सुटत नाहीत, परत लावायचा त्रास वाचतो. स्टार स्क्रू ड्रायव्हर नेमक्या मापाचा हवा, दोन नंबर, आणि स्क्रूच्या डोक्यात पूर्ण बसून दाब देऊन फिरवायचा, घरातल्या झिजलेल्या स्क्रू ड्रायव्हरने डोकी खराब झाली की पुढचा माणूस तुम्हाला शिव्या देणार. कुठला स्क्रू कुठला ते कागदावर ठेवा. सगळे सारखेच दिसतात पण कधीकधी लांबी वेगळी असते, आणि लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला तर तो फ्रेटबोर्डला खालून भोक पाडू शकतो.

नेक निघाला की पॉकेट बघा. इथेच अर्धी दुरुस्ती होऊन जाते. लाकडाचा भुसा, कारखान्याचा स्टिकर, पेन्सिलने लिहिलेला नंबर, रंगाचा सुकलेला गोळा, कधी एखादा अर्धवट कापलेला सॅंडपेपरचा तुकडा जो कोणीतरी आधी शिम म्हणून घातला होता आणि आता चपटा होऊन एका कोपऱ्यात गेलाय. हे सगळं साफ करा. रंगाचा गोळा असेल तर धारदार पटाशीने अलगद, पॉकेटचा तळ सपाट ठेवून. नुसत्या साफसफाईने कोन सुधारलेला पाहिलाय.

मग एक चाचणी: स्क्रू बॉडीच्या भोकातून हाताने सरकवा. तो न फिरवता सहज आत गेला पाहिजे. स्क्रूचे आटे फक्त नेकच्या लाकडात धरायचे असतात. बॉडीतही धरले तर तुम्ही कितीही कसा, नेक आणि बॉडी एकमेकांकडे ओढले जात नाहीत, मधे केसाएवढी फट राहते आणि मग लोक म्हणतात बोल्ट-ऑनला टोनच नाही. अडकत असेल तर बॉडीचं भोक स्क्रूपेक्षा थोड्या मोठ्या बिटने मोकळं करा. नेकच्या भोकांना हात लावायचा नाही.

आता शिम. सॅडल तळाला टेकून तारा उंच राहत असतील तर शिम पॉकेटच्या ब्रिजकडच्या टोकाला जाते, म्हणजे नेक मागे झुकतो. सॅडल पूर्ण वर येऊनही बझ असेल तर पॉकेटच्या हेडस्टॉककडच्या कडेला. किती जाड? साडेपंचवीस इंची स्केलच्या स्ट्रॅट धाटणीच्या गिटारमध्ये पॉकेट साधारण ७६ मिमी लांब असतं आणि पॉकेटच्या पुढच्या कडेपासून सॅडल सुमारे २५५ मिमीवर. म्हणजे टोकाला टाकलेल्या प्रत्येक ०.३ मिमीमागे, एका व्हिजिटिंग कार्डामागे, सॅडल अंदाजे १ मिमी वर घ्यावं लागतं. अर्ध्या अंशाची तयार शिम घेतली तर तिची जाड कड साधारण ०.६६ मिमी आणि सॅडल २.२ मिमी वर. एवढं वर घ्यायला सॅडलच्या स्क्रूत जागा आहे का ते आधी मोजा. बहुतेक वेळा एक कार्ड, फार तर दोन, इतकंच लागतं.

कार्डाचा तुकडा की पूर्ण पॉकेटची निमुळती लाकडी शिम, यावर परत भांडणं आहेत. कार्डाने पॉकेटमध्ये पोकळी राहते, आणि स्क्रू फार कसले तर कालांतराने नेकची शेवटची फ्रेट वर उठू शकतात, उडी मारायच्या फळीसारखी. म्हणून मी तात्पुरतं बघायला कार्ड टाकतो आणि कोन पटला की व्हेनियर घासून पूर्ण मापाची शिम करतो. आवाजात फरक ऐकू आलेला नाही, पण नेक सपाट राहतो आणि मनाला बरं वाटतं.

परत लावताना स्क्रूच्या आट्यांवर मेणबत्तीचं मेण घासा (साबण नको, तो ओल धरतो आणि स्क्रू गंजतो). स्क्रू आधी उलटा फिरवा, जुन्या आट्यात पडल्याची एक बारीक टक होते, मग सरळ फिरवायचा. असं केलं नाही की प्रत्येक वेळी नवे आटे पडतात आणि चार-पाच वेळात भोक बोंबललं. सगळे अर्धे लावून मग तिरपे-तिरपे, समोरासमोरचे कसायचे. प्लेट लाकडात रुतायला लागली की थांबा. दोन्ही बाहेरच्या ई तारा फ्रेटबोर्डच्या कडेपासून सारख्या अंतरावर आहेत का बघा, नसतील तर स्क्रू थोडे सैल करून नेक हाताने ढकला आणि कसा. शेवटी ट्यून करून स्क्रू पाव फेरी सैल करायचे, तारांच्या ओढीने नेक पॉकेटच्या मागच्या भिंतीला टेकतो, कधी कर्र असा आवाज येतो, आणि लगेच परत कसायचे. घाबरू नका.

भोक आधीच बोंबललेलं असेल तर टूथपिक आणि ग्लूने पट्ट्याच्या बटणाचं काम भागतं, नेकचं भागत नाही. भोक गोल मोठं करून कडक लाकडाचा डॉवेल (गोल दांडीचा तुकडा) चिकटवायचा, २४ तास वाळू द्यायचा आणि नवीन पायलट होल पाडायचं, मेपलमध्ये नेहमीच्या आठ नंबरच्या स्क्रूला साधारण ३.२ मिमी. ड्रिलवर टेप लावून खोली ठरवा. नाहीतर बिट फ्रेटबोर्डमधून बाहेर येईल आणि मग पुढचं वाचायची गरज राहणार नाही.

पायरी ५: चिकटवलेले नेक, इथे हात आवरा

सेट नेक इलेक्ट्रिकचा जॉइंट क्वचित सुटतो. टाचेजवळच्या रंगात केसाएवढी रेघ दिसली की लोक घाबरतात, पण बऱ्याचदा फक्त रंग तडकलेला असतो. खात्री करायची तर हेडस्टॉक हलकेच मागे-पुढे दाबून रेघ उघडते का बघा, कागदाचा तुकडा आत शिरतो का बघा. शिरला तर लुथियरकडे. गिब्सन धाटणीच्या गिटारीत खरी अडचण जॉइंटपेक्षा हेडस्टॉकची असते, लेस पॉलचा हेडस्टॉक साधारण १७ अंश मागे झुकलेला, महॉगनीचा एकसंध तुकडा, आणि नेमकं तिथेच ट्रस रॉडच्या नटसाठी लाकूड कोरलेलं. गिटार स्टँडवरून पडली की तिथे मोडते. नीट चिकटवली तर तो जोड पुढे अनेक वर्षं टिकतो, फक्त कोणीतरी आधी फेविक्विक ओतलेलं नसावं. मोडलेलं लाकूड तसंच फडक्यात गुंडाळून घेऊन जा.

डव्हटेल रीसेट कसा होतो ते माहीत असावं, करायचं नसलं तरी, म्हणजे समोरचा माणूस पैसे कशाचे मागतोय ते कळतं. आधी फ्रेटबोर्डचं बॉडीवर चिकटलेलं टोक गरम करून पातळ उलथन्यासारख्या पात्याने सोडवतात. मग पंधरावा फ्रेट उपटून त्याच्या खाचेतून डव्हटेलच्या पोकळीत बारीक भोक पाडतात आणि तिथून वाफ सोडतात, किंवा हल्ली गरम होणारी सळई घालतात. सरस ६० अंशांच्या पुढे आणि ओलाव्याने मऊ पडतो, हळूहळू नेक वर निघतो. नंतरचं काम खरं कौशल्याचं आहे: हील आणि बॉडीच्या मध्ये सॅंडपेपरची पट्टी, खरखरीत बाजू हीलकडे करून घालतात आणि ओढून बाहेर काढतात, परत घालतात, परत ओढतात, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, दर दोन-चार ओढींनी पट्टी ठेवून बघतात. एवढं सगळं करून काढायचं किती? चौदाव्या फ्रेटला जोडलेल्या गिटारमध्ये तिथून सॅडल सुमारे २८७ मिमीवर, हील ९० मिमी खोल धरली, आणि ब्रिजपाशी ३ मिमी मिळवायचे असतील, तर हीलच्या टोकाला जेमतेम १ मिमी लाकूड. त्यातही दोन्ही बाजू सारख्या, नाहीतर नेक डावी-उजवीकडे फिरतो. मग डव्हटेलच्या गालांवर नवीन पातळ लाकूड लावून तो परत घट्ट करायचा. म्हणून खर्च येतो, आणि म्हणूनच स्वस्त गिटारवर तो परवडत नाही, रीसेटच्या पैशात तशीच दुसरी गिटार येते. तिथे सॅडल घासणं, तारा एक नंबर हलक्या लावणं, फार तर ब्रिज थोडा पातळ करणं हाच व्यवहार.

यूट्यूबवर कुकरची शिटी काढून रबरी नळी लावून वाफ सोडणारे व्हिडिओ आहेत. हात भाजतो तो भाग ते दाखवत नाहीत, आणि जास्त वाफेने टॉपची फिनिश पांढरी पडते तेही नाही. शिवाय जॉइंट इपॉक्सीने चिकटवलेला असेल तर वाफेने काही सुटणार नाही, फक्त बाकीची गिटार सुटेल.

फेविकॉलबद्दल लोक विचारतात. टेबलाला उत्तम आहे. पण साधा पांढरा ग्लू सततच्या ओढीखाली आणि उन्हाळ्यात हळूहळू सरकतो, दिसतं घट्ट आणि कोन मात्र बदलत जातो. नेकसाठी पिवळा लाकडाचा ग्लू किंवा पारंपरिक सरस, दोन्ही पुढच्या माणसाला परत सोडवता येतात.

बोल्टचा अकूस्टिक नेक असेल तर नशीबवान आहात, पण घरी उघडू नका, कारण बऱ्याच गिटारीत बोल्टांसोबत फ्रेटबोर्डचं टोक चिकटवलेलं असतंच. फक्त बोल्ट ढिले झालेत का तेवढं अॅलन-कीने आतून बघा, दोन बोटांच्या जोराने.

स्पॅनिश हील आणि नेक-थ्रू या दोन्हींत नेकचा कोन बदलण्यासाठी जॉइंटच नाहीये. क्लासिकलमध्ये लुथियर फ्रेटबोर्ड घासून निमुळता करतात, ब्रिज उतरवतात, किंवा फारच किमती वाद्य असेल तर बॅकचा वरचा भाग हीलपाशी सोडवून नेक मागे ओढून परत चिकटवतात. नायलॉनच्या तारांची ओढ कमी, साधारण ४० किलोच्या आत, म्हणून तिथे ही वेळ उशिरा येते. नेक-थ्रूमध्ये फ्रेट काढून फ्रेटबोर्ड सपाट करणं, कमी उंचीचा ब्रिज लावणं किंवा ब्रिज लाकडात थोडा खाली बसवणं इतकंच. नेक पिळला गेला असेल तर ती गिटार भिंतीवरच.

पायरी ६: सेकंड-हँड घेताना

पैसे द्यायच्या आधी स्टीलची पट्टी, एक व्हिजिटिंग कार्ड आणि टॉर्च एवढं खिशात असू द्या. अकूस्टिक असेल तर पट्टी ब्रिजवर कुठे टेकते ते बघा, सॅडल ब्रिजच्या वर ३ मिमीच्या आसपास उरलंय का बघा. हीलच्या तळाशी आणि बॉडीच्या मध्ये कार्ड शिरतंय तर जॉइंट उघडतोय. बोल्ट-ऑन असेल तर सॅडलची उंची बघा, स्क्रूची डोकी खाल्लेली आहेत का बघा, आणि नेक हातात धरून बॉडी हलकी आडवी ढकला, हलला तर लगेच "नाही" म्हणू नका, तीनशे रुपयांच्या कामावर दोन हजार कमी करून मागा. सेट नेक असेल तर हेडस्टॉकच्या मागे टॉर्च तिरका धरा, चिकटवलेल्या जागेवर फिनिशचा पोत वेगळा दिसतो.

विकणारा म्हणाला की गाडीतून आणलीये आणि बाहेर मे महिन्याचं ऊन आहे, तर ती गिटार तासभर घरात ठेवून मगच मोजा. बंद गाडी विदर्भातल्या उन्हात सहज ६० अंशांच्या पुढे जाते, आणि तेवढ्या उष्णतेत सरस मऊ होतो हे वर आलंच आहे. मोजून झाल्यावर घरी नेतानाही डिकीत टाकू नका, मागच्या सीटवर, एसी चालू ठेवून, आणि लांबचा प्रवास असेल तर तारा अर्ध्या-एक सुराने उतरवून.